सहावं पुस्तक आवणीला

मला एक खोड आहे. कुणी सहज म्हणून "हल्ली काय वाचतेस गं?" असं विचारायचा अवकाश, मी त्या माणसाचा पिच्छा सोडत नाही. वाचायला एकच सांगते, पण असं सांगते की समोरचा बिचारा घड्याळाकडे बघायला लागतो. नवरा म्हणतो, तुझ्यापेक्षा विम्याचे एजंट बरे, ते निदान चहा पाजतात.

सांगते ती सहा पुस्तकांची एक मालिका. इंग्रजी, जाडजूड, आणि त्यात माणूस औषधालासुद्धा नाही. सगळी जनावरं. डोंगराखालच्या एका रानातली नदी एका रात्रीत चोरीला जाते. आटत नाही, कुणी अडवतही नाही. कुणीतरी ती काठापासून सोडवतं, चटईसारखी गुंडाळतं आणि काखोटीला मारून चालू लागतं. सकाळी पाणमांजर डोळे चोळत बाहेर येते तर दारात नुसते गोटे. आणि ही पाणमांजर काही तरणीताठी शूरवीर नाही हं. चांगली पोक्त, पोरं आपापल्या वाटेला लागलेली, गुडघे दुखणारी बाई आहे. ती नदी शोधायला निघते. बरोबर एक साळिंदर, जे दर दोन पानांनी भडकतं, आणि एक घुबड, ज्याला अंधाराची भीती वाटते म्हणून ते दिवसा उडतं आणि झाडांवर आपटतं. एवढीच मंडळी. पण काय सांगू तुम्हाला! मी ती सहाही पुस्तकं इतक्यांदा वाचलीत की त्या घुबडाला ताप आला तर मला कळेल.

एवढं सगळं जीव तोडून सांगितल्यावर समोरून काय येतं? "जनावरं बोलतात? म्हणजे लहान मुलांचं का?" हे वाक्य ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. कान्ह्याजवळच्या ज्या कारखान्यात मी ऑफिसचं काम करते, तिथल्या एका मॅडमनी पहिलं पुस्तक नेलं आणि आठवड्याने परत आणून दिलं. म्हणे, छान आहे, पण मला काहीतरी आयुष्यात उपयोगी पडणारं हवं होतं. माझ्या धाकट्या बहिणीने ते उशाला ठेवलं, वाचायला नव्हे, खरोखरच उशी म्हणून. आणि नवरा? लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी त्याला वाचून दाखवायला बसले. नदी गुंडाळली जायच्या आत गडी घोरत होता.

मला स्वतःला ही पुस्तकं मिळाली ती रद्दीत. माझे वडील लोणावळ्यात रद्दीचा धंदा करायचे. तिथे शनिवार-रविवारचे बंगले विकले जातात तेव्हा आतलं सामान कुणाला नको असतं. सोफे जातात, पंखे जातात, पुस्तकं रद्दीत येतात. एकदा असं एक खोकं आलं. दमटपणाने फुगलेली, भुरी चढलेली पाच पुस्तकं. मी तेव्हा कॉलेजात होते. काट्यावर चढवायच्या आधी मी ती पळवली, वडिलांनी बघून न बघितल्यासारखं केलं. माझं इंग्रजी तेव्हा यथातथाच. डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचायची. सहावं पुस्तक त्या खोक्यात नव्हतं, ते नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात मागवलं. मधली वर्षं मी नदी सापडते की नाही याच काळजीत काढली, त्यामुळे माझं वेड जरा जास्त आहे हे मान्य.

तर अशी मी, लग्न होऊन टाकवे बुद्रुकला आले. शेतकऱ्याचं घर, भाताची खाचरं, दारात कोंबड्या. सासरी कुणाला माझ्या वाचनाचं काही वाकडं नव्हतं. वाकडं होतं ते माझ्या आवणीचं, भातलावणीचं. आमच्याकडे भाताची आवणी सावडीने होते. म्हणजे आज तुमच्या बायका आमच्या खाचरात, उद्या आमच्या बायका तुमच्या खाचरात. पैसा नाही, फक्त दिवसाला दिवस. आता यात माझी पंचाईत अशी की मी कारखान्यातून रजा काढून उतरायची खरी, पण हात चालायचा नाही. बाकीच्या बायका मूठ सोडून झपझप रोपं टोचत मागं मागं सरकायच्या आणि मी एकटी पुढे, चिखलात बगळ्यासारखी उभी. तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण सावड फेडायला मी गेले की त्या घरची बाई सासूबाईंना हळूच म्हणायची, "मावशी, सूनबाई आल्यात ते बरं झालं, पन तुमी बी या."

सासूबाईंची सावड मुळात कुणाशी होती, तर काकींशी. काकी म्हणजे माझी चुलतसासू, सासूबाईंची धाकटी जाऊ. दोघी एकाच मांडवातून या घरात आल्या, एकाच चुलीवर पोळल्या. सासूबाईंना टायफॉईड झाला तेव्हा माझा नवरा तान्हा होता, त्याला काकींनी अंगावर पाजलं. घरं वेगळी झाली तरी खाचरं शेजारी शेजारी, मध्ये एक बांध. आणि या दोघी माझ्या लग्नाच्या आधीपासून एकमेकींशी बोलत नव्हत्या. एका म्हशीपायी! सासूबाईंची म्हैस सुटली आणि काकींनी वाढवलेलं भाताचं रोप रातोरात फस्त करून आली. चूक आमची. पण सासूबाई म्हणाल्या, "एवढंसं ते रोप, निम्मं तर वाळल्यालंच व्हतं." मग काकींनी सासूबाईंचं माहेर काढलं. माहेर काढल्यावर संपलंच की सगळं. म्हैस पुढे म्हातारी होऊन मेली, भांडण मात्र ठणठणीत. पोरं एकमेकांशी बोलत, पॉवर टिलर मिळून आणत, चिखलणी दोन्ही खाचरांची एकाच दिवशी होई. या दोघी तेवढ्या बांधाच्या अलीकडे-पलीकडे, पाठ फिरवून.

मग एका जूनमध्ये नवऱ्याने जेवताना बातमी सांगितली. काकींच्या मुलाने चिंचवडला फ्लॅट घेतला होता. एवढी आवणी झाली की शेत वाट्याने द्यायचं आणि काकींना घेऊन तिकडे राहायला जायचं, असं ठरलं होतं.

"जाऊ दे की," सासूबाई म्हणाल्या. "मला काय करायचंय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी आमटीत दोनदा मीठ घातलं. तिसऱ्या दिवशी घासलेली भांडी परत घासायला काढली. मला त्यांची फार दया आली. काकी गेल्या की भांडायलासुद्धा बांधापलीकडे कुणी उरणार नव्हतं. बोलायचं तर याच आवणीत, नाहीतर राहिलंच. हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि त्या बोलतील तर शपथ.

आवणी सुरू झाली. पाऊस लागलेला होता, सगळ्याजणी प्लास्टिकचे कागद डोक्यावरून घेऊन ओणव्या. पूर्वी गाणी म्हणणारी एक म्हातारी होती, तिच्याने आता उभं राहवत नव्हतं. एकीने मोबाइलवर गाणी लावली, तो तासाभरात भिजून गप्प झाला. सगळ्या कंटाळल्या. मी नेहमीप्रमाणे मागे पडलेली, म्हणजे खरं तर पुढे. कुणाचं तरी लक्ष माझ्याकडे जायच्या आत मी म्हटलं, "गोष्ट सांगू का?"

"सांग की," एक म्हणाली. "तेवढाच टाइमपास."

मी सुरुवात केली. नदी चोरीला गेली इथपर्यंत आले आणि रांगेच्या टोकाकडून आवाज आला, "चोरीला कुटं जाती व्हय नदी? धरान बांदलं आसंल."

सगळ्या हसल्या. आमच्या भागात नदी नाहीशी झाली की ती धरणातच सापडते, त्यामुळे त्यांचंही चूक नव्हतं. मी म्हटलं, "धरण नाही. गुंडाळून नेली."

"गुंडाळून?"

"चटईसारखी."

रांग क्षणभर थांबली. मला वाटलं, झालं, आता हसून हसून चिखलात बसतील. पण ती टोकाची बाई गंभीरपणे म्हणाली, "मग तर हुडकायलाच पायजे." आणि परत झपझप रोपं टोचायला लागली. माझा जीव भांड्यात पडला. इतकी वर्षं शिकल्यासवरल्या लोकांना पटवता पटवता माझी दमछाक झाली होती, आणि इथे कुणी "लहान मुलांचं का?" असं विचारलंसुद्धा नाही. त्यांनी फक्त एक दुरुस्ती केली. साळिंदर हे बाईच आहे असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. "एवढा राग मनात धरून ठिवायचा म्हंजे बाप्याचं काम न्हाई," असा निकाल लागला आणि ती साळिंदरीण झाली. मी एरवी या पुस्तकांतला स्वल्पविरामही कुणाला हलवू देत नाही, पण हे मला मान्य होतं.

दुपारच्या भाकरीपर्यंत मी अधिकृतपणे चिखलाबाहेर होते. "तू नगं लावू बाई, तू बांधावर बस आन् सांग. तुझा दिस धरला आमी." माझी सावड गोष्टीत फिटायला लागली. घरोघरच्या खाचरांवर हेच ठरलं. ज्या बायका मला बघून नाक मुरडायच्या त्याच माझ्यासाठी बांधावर पोतं अंथरून ठेवू लागल्या. मी लग्नात मिरवले नाही एवढी त्या पावसाळ्यात मिरवले.

आमची बांधालगतची मोठी खाचरं चालू होती तेव्हा बांधापलीकडे काकींची आवणीही चालू होती. त्यांनी रोजाने बायका लावल्या होत्या आणि त्या स्वतःही ओणव्या होत्या. पहिल्या दिवशी त्या लांब, विहिरीकडच्या कोपऱ्यात होत्या. दुसऱ्या दिवशी बघते तर त्यांनी रांग अशी धरलेली की मागं मागं सरकत बरोबर आमच्या बांधाला येऊन टेकावं. पाठ आमच्याकडे, तोंड डोंगराकडे. बघणाऱ्याला वाटावं, बाई आपल्या कामात आहे. पण मी घुबड झाडावर आपटलं असं म्हटलं की त्यांचा डोक्यावरचा प्लास्टिकचा कागद गदागदा हलायचा.

सासूबाईंच्या नजरेतून हे सुटणं शक्य नव्हतं. "हळू बोल," त्या मला म्हणाल्या. "फुकाट ऐकतीय."

मी आवाज खाली आणला. लगेच रांगेच्या दुसऱ्या टोकाला बोंब. "आगं मोट्यानं सांग की! हितं काय बी ऐकू येत न्हाई. नदी घावली का काय?"

मी परत आवाज चढवला. सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी फितूर झालेय. पण थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच कोपर मारून मला सांगितलं, "बघ, बघ. तिनं त्यो कोपरा परत लावला. हुतं तितंच टोचतीय. रोप दाट झालं तर फुटवा कसा यील?" आवाजात राग होता, पण काळजी जास्त होती.

तिसरं पुस्तक जवळ आलं तशी मी गोष्ट लांबवायला लागले, कारण त्यात काय आहे ते मला माहीत होतं. पाणमांजरीने नदीचं शेवटचं ओंजळभर पाणी एका भोपळ्यात जपून ठेवलेलं असतं. एका रात्री झोपेत साळिंदर कूस बदलतं आणि त्याचा काटा भोपळ्यात घुसतो. पाणी जातं. साळिंदर माफी मागायची सोडून म्हणतं, "एवढंसं पाणी, त्याचं काय कौतुक?" मग पाणमांजर त्याचं खानदान काढते. आणि तिथून पुस्तक संपेपर्यंत ते दोघे कोरड्या नदीच्या दोन काठांनी चालतात, एकाच दिशेला, एकमेकांशी एक शब्द न बोलता.

"तेवढं गाळ," नवरा सकाळी म्हणाला. "उगाच आईला वाटायचं तू तिला टोमणा मारतेयस."

गाळ? या मालिकेतलं? मी म्हटलं, जे आहे ते सांगणार. छाती ठोकून म्हटलं खरं, पण बांधावर बसल्यावर आधी पोतंच दोनदा झटकून घेतलं.

सांगितलं. भोपळा फुटला, पाणी गेलं, "एवढंसं पाणी" म्हणून झालं. फक्त रोपं टोचल्याचा चुबुक चुबुक आवाज. सगळ्या गावाला म्हैस माहीत होती. एक अल्लड सून म्हणाली, "आगं, हे तर आपल्या हितलंच..." आणि शेजारणीने तिला असा चिमटा काढला की ती कळवळली. बांधाच्या पलीकडे काकींची पाठ, अलीकडे सासूबाईंची पाठ, मध्ये हातभर माती.

"मुद्दाम केलं व्हतं का तिनं?" टोकाच्या बाईने विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई बोलल्या. खाली चिखलात बघूनच. "मुद्दाम कोन करतंय? लाज वाटली आसंल. लाज वाटली की मानूस वरडतं."

काकींचा रोपाची मूठ धरलेला हात तसाच राहिला. मग त्या सरळ झाल्या, पदर खोचला आणि विहिरीकडे निघून गेल्या. मी त्या दिवशी गोष्ट तिथेच थांबवली, दोघांना दोन काठांवर सोडून.

दुसऱ्या दिवशी काकी आल्याच नाहीत. त्यांच्या खाचरात नुसत्या रोजाच्या बायका. सासूबाई सारख्या तिकडे बघत होत्या. मी त्यांच्या कानाशी कुजबुजले, "आत्या, आज नको सांगायला, उद्या सांगते." पण बाकीच्या कुठल्या ऐकतायत! त्या दोघांना दोन काठांवर ठेवून त्यांना रात्रभर झोप लागली नव्हती, असं त्यांचं म्हणणं. शेवटी सांगावं लागलं. चौथ्या पुस्तकात एका दुपारी पाणमांजर बघते तर पलीकडच्या काठावर साळिंदर लंगडतंय, पायात काटा. न राहवून ती ओरडून विचारते, "बाभळीचा आहे, की तुझाच टोचलाय तुला?" साळिंदर हसून हसून लोळतं. झालं, बोलणं सुरू. बायकांनी चिखलाचे हात वर करून आरडाओरडा केला. सासूबाई हसल्या नाहीत. दुपारनंतर रोपं टोचता टोचता म्हणाल्या, "गेली वाटतं चिंचवडला. मी बोलले ते लागलं तिला." त्यांचे डोळे भरले होते आणि त्या ते चिखलाच्या हाताने पुसू शकत नव्हत्या, म्हणून मी माझ्या पदराने पुसले.

संध्याकाळी नवऱ्याकडून कळलं. काकी गेल्या होत्या फ्लॅटवर, दूध उतू घालायला. त्या दिवशीचा मुहूर्त होता, दुसरं काही नाही.

पुढच्या दिवशी त्या परत हजर. हातात नव्या हिरव्या बांगड्या. पण बांधाकडे आल्या नाहीत. आदल्या दिवशीची गोष्ट चुकलेली, आता काय ऐकायचं, असं त्यांना वाटलं असावं. लांब विहिरीकडच्या कोपऱ्यात एकट्याच लावत होत्या. मी बांधावर बसून घसा साफ केला, तर सासूबाई म्हणाल्या, "थांब जरा."

हातातली मूठ त्यांनी पाण्यात टाकली. कमरेवर हात ठेवून ताठ झाल्या. चिखलातून पाय उपसत बांधावर चढल्या आणि त्या कोपऱ्याच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. आमची रांग जागच्या जागी थिजली.

"काल तू न्हवतीस," सासूबाई मोठ्याने म्हणाल्या. "ती दोगं बोलली."

काकी वळल्या. त्या थोरल्या जावेला 'बाई' म्हणायच्या, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "आदी कोन बोललं, बाई?"

पुस्तकात आधी पाणमांजर बोलते. माझ्या पुस्तकात हे अगदी स्वच्छ लिहिलंय, पान उघडून दाखवू शकते. सासूबाईंनी एक क्षण विचार केला.

"दोगं एकदमच," त्या म्हणाल्या.

दुरुस्ती करायची माझी छाती झाली नाही आणि इच्छा तर मुळीच नव्हती. सासूबाई तिथेच बांधावर बसल्या आणि काट्याची सगळी गोष्ट त्यांनी काकींना सांगितली, हातवारे करून, लंगडून दाखवून. काकी आधी तोंडाला पदर लावून हसल्या, मग पदर डोळ्यांना गेला. टोकाची बाई ओरडली, "आगं मावशी, रोपं सुकत्यात!" पण दोघींपैकी कुणीही उठलं नाही. मी रडत होते आणि हसत होते, दोन्ही चालू होतं.

त्यानंतर सावड परत जुन्यासारखी झाली. उरलेली आमची खाचरं काकींनी लावली, काकींची आम्ही. दुपारी काकींची सुकटीची चटणी आली; सासूबाईंनी ती भाकरीवर घेतली आणि म्हणाल्या, "आजून बी तिखाट जास्तच घालतीस." म्हणजे सगळं ठीक होतं. पाचवं पुस्तक आवणीच्या शेवटच्या दिवशी संपलं, नदी अगदी हाताशी आलेली असताना. सगळ्या माझ्या मागे लागल्या, सहावं पण सांगून टाक, संध्याकाळपर्यंत बसतो.

"न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "सहावं फुडल्या आवणीला."

"आसं कसं?" काकी म्हणाल्या. "मी तर चिंचवडला आसंन तवा."

"मग ये की. सावड फेडायची हाय तुला माझी. एक दिस जास्त लावलाय मी."

हे धादांत खोटं होतं. काकी नुसत्या मान हलवून हसल्या. आठवड्याभरात त्या गेल्या.

पुढे वर्षभर माझ्यासारखीला सहाव्या पुस्तकाबद्दल तोंड मिटून बसावं लागलं. काय हाल झाले माझे, माझं मला ठाऊक. काकींचा दर रविवारी फोन यायचा, सासूबाई तो स्पीकरवर टाकायच्या. लिफ्ट, पाण्याची वेळ, गुडघे, सगळं बोलून झालं की काकी लाडीगोडी लावायच्या, "सूनबाई, एवडं सांग, नदी घावती का?" सासूबाई झटकन फोन माझ्यापासून लांब धरायच्या. "हितं ये आन् ऐक."

आल्या. पुढच्या आवणीला काकी हातात पिशवी घेऊन कान्हे स्टेशनवर उतरल्या, नवरा त्यांना मोटरसायकलवर घेऊन आला. दुसऱ्या दिवशी मी बांधावर पोत्यावर, आणि त्या दोघी रांगेत शेजारी शेजारी. मी सहावं पुस्तक सुरू केलं. इतके दिवस दाबून ठेवलेलं, त्यामुळे जरा जास्तच रंगवून सांगत होते. घोटभर पाणी प्यायला थांबले तेव्हा काकी माझ्या अगदी जवळ, बांधाला टेकल्या होत्या. सासूबाई पुढे कुणाशी तरी रोप दाट लावल्यावरून भांडत होत्या.

"आता त्यो खेकडा यील न्हवं?" काकी सहज म्हणाल्या.

पाणी माझ्या घशातच अडकलं. खेकडा सहाव्या पुस्तकातच येतो, तोही निम्म्यानंतर. पाची पुस्तकांत त्याचा मागमूस नाही. मी डोळे मोठे करून काकींकडे बघत राहिले. त्यांनी जीभ चावली. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "नातीनं समदं मराठीत वाचून दावलं. दिवाळीतच. तिच्या फोनात हाय."

"दिवाळीत?" मी म्हटलं. "मग दर रविवारी मला विचारत होता ते? आणि आता एवढ्या लांबून..."

"हळू बोल," काकी म्हणाल्या. "तुज्या सासूला सांगू नगंस."

मी नाही सांगितलं. गोष्ट पुढे सांगत राहिले. आणि दुपारी खेकडा आला, तेव्हा सगळ्या रांगेत सगळ्यांत मोठ्याने दचकल्या त्या काकीच. "आगं बाई, ह्यो कुटनं आला आता!" त्या ओरडल्या आणि सासूबाईंचा हात घट्ट धरला. "गप," सासूबाई म्हणाल्या. "ऐक फुडं."